परसात कायम सावली, फुलझाड कुठलं लावू? परभणीच्या एका ताईंना सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळंल. परभणीत घर, मागं उत्तरेला साधारण १५ फुटांचं परस, दक्षिणेला तुमचंच दोन मजली घर, पूर्वेला शेजाऱ्याची उंच भिंत, वायव्येच्या कोपऱ्यात जुनं कडुलिंबाचं झाड. काळी माती, बोअरचं पाणी. जास्वंद लावली तर फुलं नाहीत आणि सगळी पांढरी बुरशीसारखी कीड, मोगऱ्याला नुसती पानं, अनंत पिवळा पडला, आणि डिसेंबरात महाबळेश्वरहून हौसेनं आणलेलं हायड्रेंजिया मे महिन्यात वाळून गेलं. आता विचारायलात की सावलीत येणारं, देवाला फुलं देणारं एखादं झाड आहे का, का परसात फरशीच करून टाकू.

फरशी करू नका. मी गेली सव्वीस वर्षं रोपं तयार करायलोय, आपल्याकडं मराठवाड्यात सावलीची जागा म्हणजे खरं तर नशीब आहे, उघड्यावरची झाडं एप्रिल-मे मध्ये जळतात तेव्हा सावलीतलीच तग धरतात. पण तुमच्या परसात झाडं मेली ती माझ्या मते नुसत्या सावलीनं मेली नाहीत. जास्वंद आणि मोगरा हे सावलीचे बळी, मान्य. अनंत आणि हायड्रेंजिया वेगळ्याच कारणानं गेले.

पहिलं म्हणजे तुम्ही म्हणता तशी ती वर्षभर सावली नाहीच. परभणी साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडं कलतो, भर दुपारीसुद्धा जेमतेम ४७ अंशांवर चढतो, म्हणजे तुमचं घर कठड्यासकट २५ फूट धरलं तर त्याची दुपारची सावली उत्तरेकडं २३ फूट पडते. परस १५ फूट. म्हणजे दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत भर दुपारीही तिथं ऊन पोचत नाही, आणि सकाळचं शेजाऱ्याच्या भिंतीनं अडलेलं. तुम्हाला आठवती ती ही सावली. पण एप्रिलच्या मध्यावर तीच सावली दुपारी चार-साडेचार फुटांवर येती. मग १७ मे च्या आसपास परभणीत सूर्य बरोब्बर डोक्यावर, शून्य सावलीचा दिवस. तिथून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो, तुमच्या घराच्या पाठीमागं, म्हणजे सरळ परसात. आता बघा, चार महिने अंधार आणि मग ४२-४३ डिग्रीत ऐन दुपारचं ऊन थेट डोक्यावर, असं ते हायड्रेंजिया अडकलं. थंडीत त्याची पानं सावलीला सरावून मोठी, मऊ, पातळ झाली असणार, आणि त्याच पानांवर मे चं ऊन पडलं. कितीही पाणी घातलं असतं तरी ते टिकलं नसतं.

म्हणून कुठलंही झाड आणण्याआधी एक काम करा, खर्च शून्य आहे. परसात तीन जागी विटा ठेवा, एक घराच्या भिंतीपासून तीन फुटांवर, एक मध्ये, एक लिंबाखाली. महिन्यातून एक दिवस, सुटीचा असला तरी चालंल, सकाळी ९, दुपारी १२, ३ आणि ५ ला प्रत्येक विटेवर हात धरून हाताची सावली बघा. कडा स्पष्ट दिसली तर ऊन, पुसट दिसली तर उजेडाची सावली, काहीच दिसलं नाही तर अंधारी सावली. अंधारी सावली दिवसभर असंल तिथं फुलझाडाचा नाद सोडा, तिथं नेचे, सापपान, मनीप्लांट लावा. पुसट सावली जिथं चार-पाच तास आहे तिथं मी सांगतो ती झाडं नक्की फुलतात. आणि भिंतींना पांढरा चुना मारा, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि कुणी मनावर घेत नाही, पण पांढऱ्या भिंतीवरून परतलेला उजेड थंडीत झाडाला खूप कामाला येतो.

आता दुसरं कारण, आणि हे मोठं आहे. पाणी आणि माती. आपली काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली, त्यात चुनखडी, पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा, सातच्या खाली आंबट, वर चुन्याची) साधारण पावणेआठ ते साडेआठ. बोअरचं पाणी पण तसंच जड, बादलीवर, नळावर पांढरा थर धरतो ना, तोच थर मुळाभोवती पण धरतो. अशा मातीत लोह नसतं असं नाही, भरपूर असतं, पण चुन्यामुळं ते अशा रूपात बांधलं जातं की मुळाला घेताच येत नाही. मग काय होतं, नवीन पान पिवळं, शिरा मात्र हिरव्या. अनंताचं पान असंच झालं होतं ना? आठवून बघा, जुनी खालची पानं हिरवी आणि शेंड्याची पिवळी असं असंल तर ते लोहच. अनंताला आंबट माती लागती, पीएच पाच-सहाची, कोकणात तो सहज येतो आणि आपल्याकडं रडतो तो ह्याच्यामुळं. हायड्रेंजियाचं पण तेच, महाबळेश्वरला लाल आंबट माती, थंड हवा, म्हणून तिथं निळं फूल येतं, तोच निळा रंग चुन्याच्या मातीत गुलाबी होतो कारण त्या निळ्यासाठी ॲल्युमिनियम लागतं आणि ते आंबट मातीतच विरघळतं. आपल्याकडं रंग बदलायच्या आधी झाडच जातं. पर्यटनाला गेलं की तिथली रोपं उचलून आणायचा मोह सगळ्यांना होतो, मी समजू शकतो, पण पुढच्या वेळी फोटो काढून आणा.

मी नवा होतो तेव्हा एका घरी सावलीसाठी म्हणून बारा अनंत दिले होते. रस्त्याकडनं एक ओळ, काय सुंदर दिसायले होते पहिल्या वर्षी. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एकेक पिवळा पडला, मी युरिया द्यायला सांगितला, अजूनच वाईट झाले. तिसऱ्या वर्षी सगळे उपटले. त्या घरच्या आजी मला काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणल्या, भाऊ, आता जे येतंय तेच द्या. ते वाक्य मी धरून ठेवलंय.

तर जे येतं ते सांगतो. तुमच्यासाठी पहिलं नाव तगर. साधी, पाच पाकळ्यांची, भिंगरीसारखी फिरल्यागत दिसणारी. दुहेरी पाकळ्यांची तगर पण मिळती, दिसायला भारी, पण माझ्याकडं सावलीत साधीच जास्त फुलली, दुहेरीला उजेड जरा जास्त लागतो. तगर चुन्याची माती सोसती, जड पाणी सोसती, थंडीतली सावली सोसती आणि मे चं ऊन पण सोसती, हे चारही सोसणारं दुसरं फुलझाड मला तरी माहीत नाही. थंडीत फुलं कमी, पण बाकी वर्षभर देवापुरती रोज निघतात, रात्री मंद वास पण येतो. २०१६ ला लातूरला पाणी नव्हतं, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते तुम्हाला आठवत असंल, माझी बहीण तिथं राहती, तिच्या अंगणातल्या सगळ्या कुंड्या गेल्या, दोन तगरी मात्र भाजी धुतलेल्या आणि तांदळाच्या पाण्यावर निघाल्या. तेव्हापासून मी दुष्काळी भागातल्या माणसाला पहिलं झाड तगरच देतो.

तगरीला दोनच त्रास. एक, पांढरा चीक, हात धुवा, डोळ्याला लावू नका. दुसरा, पावसाळ्यात एकाएकी अख्ख्या फांदीची पानं गायब होतात आणि खाली मिरीएवढ्या काळ्या लेंड्या पडलेल्या दिसतात. ती एका मोठ्या पतंगाची अळी असती, हिरवीगार, बोटाएवढी, मानेजवळ दोन निळे डोळ्यासारखे ठिपके. कण्हेरीवर पण हीच येती. औषध मारायची गरज नाही, संध्याकाळी बॅटरी घेऊन जा, चिमट्यानं उचला, एका झाडावर दोन-चारच असतात. डोळ्यांना घाबरू नका, ते खरे डोळे नसतात, चावत पण नाही.

दुसरं नाव कोरांटी. आपल्याकडं कुंपणाला पिवळी काटेरी कोरांटी असती ती सगळ्यांना माहीत आहे, पण तुमच्यासाठी निळी-जांभळी आणि पांढरी, बिनकाट्याची. हिचं वैशिष्ट्य असं की ती ऑक्टोबर ते जानेवारीत फुलती, म्हणजे बरोबर तुमच्या परसात जेव्हा सगळ्यात जास्त सावली आणि तगर थंडावलेली, तेव्हा. ह्या दोघी मिळून वर्ष भरून काढतात. फुलं संपली की जानेवारी अखेरीस फूटभर ठेवून छाटून टाका, नाहीतर नुसत्या काड्या होतात. नर्सरीत ही मागितली तर कधी कधी नाही म्हणतात कारण स्वस्त रोप, त्यांना परवडत नाही. कुणाच्या तरी जुन्या वाड्यात, मंदिराच्या मागं असती, पावसाळ्यात हातभर काडी मागून आणा, दोन डोळे मातीत, लागती.

अबोली. तुम्ही गजऱ्याचं लिहिलं नाही पण परभणीत राहून अबोली नको असं कोण म्हणंल. अबोलीला पुसट सावली आवडतेच, कडक उन्हात तिची पानं करपतात. पण मे चं ऊन तिला सोसणार नाही, म्हणून ती घराच्या भिंतीपासून तीन फुटांच्या आत, किंवा लिंबाच्या पूर्वेकडं लावा, आणि मे मध्ये घराचीही सावली उरत नाही म्हणून वर जाळी बांधा, ती पुढं सांगतो. गडद केशरी फुलाची जी दिल्ली अबोली म्हणून मिळती तिला बी धरत नाही, ती काडीवरच करावी लागती, साधीला बी धरतं आणि पहिल्या पावसाचं पाणी लागलं की बोंडं टपकन फुटून बी लांब उडतं, मग वाफ्यात आपोआप रोपं. तुरा संपला की खुडायचा, नाहीतर ताकद बियांत जाती. अबोलीचं एकच दुखणं, सूत्रकृमी, म्हणजे मातीतनं मुळात शिरणारे डोळ्याला न दिसणारे बारीक किडे. झाड खुरटलं, पाणी असून दुपारी मान टाकायलं तर एक रोप उपटून मूळ बघा, मुळाला गाठी दिसल्या तर त्याच जागी परत अबोली लावू नका, निंबोळी पेंड मिसळा, एक हंगाम झेंडू लावा, मग बघा. आणि पाणी साचलं तर मर रोगानं जाती, म्हणून वाफा उंच.

कुंती, म्हणजे कामिनी, तिच्याबद्दल बरेच जण विचारतात. सावलीत येती, पावसाच्या पहिल्या सरीनंतर पंधरा दिवसांत अख्खं झाड पांढरं होतं आणि गल्लीभर वास. पण एक विनंती. ती लिंबूवर्गातली आहे, आणि मोसंबीवर येणारी सायला कीड हिच्यावर सुखानं राहती, हीच कीड मोसंबीत ग्रीनिंग रोग पसरवती. तुमच्या गावाकडं, जालन्या-बदनापूरकडं मोसंबीची बाग असंल तर शेतातल्या घराभोवती कुंतीचं कुंपण करू नका. शहरात एखादं झाड ठेवलं तर हरकत नाही, नवीन पालवीवर लक्ष ठेवा.

येस्टर्डे-टुडे-टुमारो म्हणून जे जांभळं-फिकट-पांढरं असं तीन दिवसांत रंग बदलणारं झाड मिळतं ते पण सावलीत चालतं, पण तेही चुन्याला कुरकुर करतं, कुंडीतच ठेवा. आणि घरात कुत्रा असंल तर आणू नका, ते त्याच्यासाठी विषारी आहे. पारिजातक, रातराणी चालतील पण त्यांना जागा मोठी लागती, १५ फुटांत गर्दी होईल.

आता लावायचं कसं, कारण इथंच निम्मे लोक चुकतात. सगळे काय करतात, काळ्या मातीत दीड-दोन फुटांचा खड्डा घेतात आणि त्यात छान लाल माती, कोकोपीट, शेणखत भरतात. खड्डा म्हणजे मग चिकणमातीची हौदी होती, पावसाळ्यात आजूबाजूचं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर जायला वाट नाही. उन्हात ते सुकून तरी जातं, सावलीत आठ-आठ दिवस तसंच, मुळं कुजतात. खड्डा खोल करू नका, जमिनीवर आठ-नऊ इंच उंच वाफा करा. एका बाजूला विटा लावा, परसातलीच काळी माती, तितकंच चांगलं कुजलेलं शेणखत आणि तितकाच बारीक मुरूम, एकजीव करून. नुसती वाळू मिसळून काळी माती भुसभुशीत होत नाही, उलट घट्ट बसती, मुरूम आणि शेणखतच लागतं. खालची जमीन टिकावानं फक्त खरवडून घ्या म्हणजे दोन थर वेगळे राहणार नाहीत.

रोप आणताना पिशवीखालचं बघा. आपल्याकडची खूप रोपं आंध्रातल्या कडियमहून ट्रकनं येतात, मुळाभोवती चिकट लाल मातीचा गोळा असतो. तो गोळा तसाच काळ्या मातीत ठेवला तर बाहेर ओल आणि गोळा आत कोरडा, झाड पाण्यात उभं राहून तहानेनं मरतं. रोप आधी दहा-पंधरा दिवस परसात सावलीत ठेवा, मग लावायच्या दिवशी पिशवीसकट बादलीत अर्धा तास बुडवा, पिशवी काढून गोळ्याच्या कडा बोटांनी हलक्या मोकळ्या करा. मृग बरसून जमीन एकदा चांगली भिजली की लावा. जूनमधलं उघडं ऊन असतंच, म्हणून तीन आठवडे वर हिरवी जाळी, ५० टक्क्यांची. हीच जाळी दरवर्षी १५ एप्रिलपासून चांगला पाऊस पडेपर्यंत अबोलीवर बांधायची, तगर-कोरांटीला पहिल्या वर्षीच लागती.

लिंबाखाली मात्र वेगळा हिशोब. तिथं सावली कमी आणि मुळांची मारामारी जास्त. लिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झाडतो, नेमकं ऊन वाढायच्या वेळी खालची झाडं उघडी पडतात, एप्रिलपर्यंत परत भरतो. त्याच्या खोडापासून सहा फूट तरी लांब राहा, आणि तिथं कोरांटीच लावा, तगर पण चालंल. गळालेली पानं जाळू नका, तीच वाफ्यावर तीन-चार इंच पसरा, खोडाला चिकटू देऊ नका.

पाणी. सावलीतलं झाड बहुतेक वेळा जास्त पाण्यानं जातं, हे मी हजार वेळा बघितलंय. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर पाणी नाही. माझ्याकडं सावलीच्या वाफ्यात थंडीत सहा-सात दिवसांनी एका झाडाला अर्धी बादली, उन्हाळ्यात दिवसाआड, एवढ्यात भागतं. आणि कुठलं पाणी, हे आपल्या भागात फार महत्त्वाचं. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी लोक कुंड्यांना घालतात, वाया जाऊ नये म्हणून, भावना चांगली आहे, पण त्यात बोअरच्या पाण्यातलेच क्षार अजून दाट झालेले असतात. ते फरशी धुवायला वापरा. कूलरच्या टाकीतलं खालचं पाणी तसंच, ते तर दिवसभर आटून आटून खारट झालेलं. एसीच्या नळीतनं पडणारं पाणी मात्र जवळजवळ पावसासारखं मऊ असतं, ते जपून ठेवा. आणि खरं पावसाचं पाणी, गच्चीच्या १० बाय १० फुटांवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेसहा हजार लिटर होतं. तेवढं साठवणं सोपं नाही, पण २०० लिटरचे दोन ड्रम भरून झाकून ठेवले तरी एका अनंताचं भागतं.

हो, अनंत. तुमच्या लिहिण्यावरनं वाटलं की जीव त्याच्यातच अडकलाय. तर जमिनीत नको, कुंडीत लावा, १४ इंची, खाली मोठी भोकं. कोकोपीट दोन भाग, गांडूळखत एक भाग, लाल माती एक भाग, काळी माती चिमूटभरही नाही. पाणी फक्त पावसाचं किंवा एसीचं, संपलं तर बोअरच्या पाण्यात निंबूसत्व घालून पीएच पट्टीनं सहा-साडेसहापर्यंत उतरवलेलं, पट्ट्या लॅबच्या सामानाच्या दुकानात मिळतात. नवीन पानं पिवळी दिसली की लिटरला ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम निंबूसत्व, संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी परत. हिराकस फरशीवर पडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत. मुळाला द्यायचं असंल तर दुकानदाराला चिलेटेड लोह मागा पण पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं बघा, स्वस्तातलं ईडीटीए वालं आपल्या चुन्याच्या पाण्यात टिकत नाही, पैसे मातीत. कुंडी असल्यामुळं अजून एक फायदा, थंडीत ती उजेडाच्या बाजूला सरकवता येती आणि एप्रिलला घराच्या भिंतीला खेटून आत घेता येती. कळ्या धरल्यावर मात्र कुंडी हलवू नका, एक दिवस जरी कोरडी पडली तरी कळ्या गळतात.

खताचं जास्त सांगत नाही. सावलीतल्या झाडाची भूक कमी असती, युरिया तर नकोच, पानं लुसलुशीत होऊन मावा-मिलीबग येतो आणि फूल मागं पडतं. जून आणि ऑक्टोबरला प्रत्येकी दोन ओंजळी शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, पुरे. तुमच्या जास्वंदीवरची ती पांढरी बुरशीसारखी दिसणारी कीड म्हणजे मिलीबगच. ती जास्वंद गच्चीवर न्या, फांद्या निम्म्या छाटा, पाण्याच्या जोरदार धारेनं धुवा, पाच-सहा तास ऊन मिळालं की परत फुलंल. मोगरा पण तिच्यासोबत वरच. हे काम नवीन रोपं आणायच्या आधी करा, नाहीतर मुंग्या ती कीड तगरीवर नेऊन ठेवतील.

सुरुवातीला तीन तगरी, मध्ये चार-चार फूट सोडून, त्यांच्या पुढं दीड फुटावर चार अबोल्या घराच्या बाजूनं, आणि लिंबाकडं दोन कोरांट्या. एवढंच. ह्या वर्षी जाळी काढली की प्रत्येक झाडाचा पाया दिसंल असा फोटो काढून ठेवा, आणि ऑक्टोबरात परसात पहिली निळी कोरांटी उघडली की तिच्या पानाचा जवळून फोटो मला पाठवा, शेंड्याचं पान. त्यावरनं तुमच्या बोअरच्या पाण्याचं अजून काय करायचं ते सांगतो.